बारा व्होल्टच्या बॅटरीला किती व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर?

भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्रातल्या घराघरांत इन्व्हर्टर आला आणि त्याच्यासोबत १५० अँपिअर-तासांची, दोन माणसांनी मिळून उचलावी लागणारी बॅटरीही आली. ट्रॅक्टर, पिकअप, डिझेल जनरेटर, ई-रिक्षा यांच्या बॅटऱ्या तर आहेतच. अशी मोठी बॅटरी पूर्ण उतरली की दुचाकीच्या दोन-चार अँपिअरच्या चार्जरने ती दोन दिवसांतही भरत नाही. मग हाताने जोडजाड करणारी माणसं स्वतःच चार्जर बनवायला घेतात. त्याची रचना सोपी दिसते. एक ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, एक अँपिअर मीटर आणि दोन चिमटे, एवढंच सामान. डायोड चुकला तर बदलता येतो, मीटर कोणताही चालतो. ट्रान्सफॉर्मर चुकला तर मात्र सगळा चार्जरच चुकतो, कारण सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त वजन त्यातच गेलेलं असतं.

सगळ्यात जास्त आढळणारी चूक पहिल्याच वाक्यात होते. ‘बॅटरी बारा व्होल्टची, तेव्हा ट्रान्सफॉर्मरही बाराचाच द्या.’

शिसे-आम्ल बॅटरीची कल्पना फ्रान्सच्या गास्ताँ प्लांते यांची, १८५९ सालची. तेव्हापासून तिच्या एका घराचा दाब दोन व्होल्टच्या आसपासच राहिला आहे. सहा घरं मिळून बारा, हा हिशेब झाला नावापुरता. पूर्ण भरलेली बॅटरी काही तास नुसती ठेवली तर मीटर १२.६ ते १२.७ दाखवतो. चार्जिंग चालू असताना तिचा दाब चढत जातो आणि १४.४ च्या आसपास आतलं पाणी फुटून वायूचे बुडबुडे जोरात उठू लागतात. म्हणजे चार्जरला बाराशी नव्हे, साडेबारापासून जवळजवळ साडेचौदापर्यंत सरकणाऱ्या लक्ष्याशी झुंजायचं असतं.

दुसरीकडे, ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवरचे बारा व्होल्टही वेगळेच. प्रत्यावर्ती विजेचा दाब सतत चढतो-उतरतो. पाटीवरचा आकडा हे त्याचं आरएमएस मूल्य, म्हणजे उष्णतेच्या हिशेबाने काढलेली एक प्रकारची सरासरी. लाटेचं शिखर त्याच्या १.४१ पट उंच असतं, म्हणून बारा व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचं शिखर सतरावर जातं. त्यातून चार डायोडच्या ब्रिजमधले, एका वेळी वाहणारे दोन डायोड प्रत्येकी सुमारे एक व्होल्ट खातात, आणि बॅटरीपर्यंत पोचतात जेमतेम पंधरा. साडेबारावर असलेल्या बॅटरीसाठी पंधरा पुरेसे वाटतात, आणि खरोखरच प्रवाह सुरू होतो. बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर बारा व्होल्टची बॅटरी चार्ज करतो, यात खोटं काही नाही. मात्र तो ते कशा रीतीने करतो, हे पाहिलं पाहिजे.

जवळजवळ सारख्या उंचीवरच्या दोन टाक्या नळीने जोडल्या, तर पाणी किती वेगाने वाहील हे टाक्यांच्या उंचीवर नव्हे, दोन पातळ्यांमधल्या फरकावर ठरतं. चार्जरमध्येही प्रवाह ठरतो तो शिखर आणि बॅटरी यांच्यातल्या त्या अडीच व्होल्टच्या फरकावर, आणि वाटेतल्या रोधावर. फरक इतका लहान असला की वरची पातळी थोडी हलली तरी सगळं गणित बदलतं. आणि घरगुती विजेची पातळी हलतेच. गावाकडे संध्याकाळी पंप आणि दिवे एकदम चालू झाले की दाब बसतो, मध्यरात्रीनंतर चढतो.

हिशेब मांडला की चित्र स्पष्ट होतं. समजा, बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टवर उतरलेल्या बॅटरीला पंधरा अँपिअर देईल, असा बेताचा रोध वाटेत आहे. लाइन दहा टक्क्यांनी घसरून २०७ वर आली, तर शिखर पंधराच्या थोडं वर येतं, फरक उरतो एका व्होल्टहूनही कमी, आणि प्रवाह तीन अँपिअरच्या आसपास येतो. रात्रभर चार्जिंग लावूनही सकाळी बॅटरी अर्धवट. उलट लाइन दहा टक्के चढून २५३ झाली, तर तोच फरक चार व्होल्टच्या पुढे जातो आणि प्रवाह तिशी गाठतो, म्हणजे दुपटीवर. ट्रान्सफॉर्मर तापतो, डायोड तापतात, बॅटरीचं पाणी उडतं. ‘चार्जर कधी चालतो, कधी चालत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते, आणि दोष मात्र डायोडला दिला जातो.

आता ट्रान्सफॉर्मर पंधरा व्होल्टचा घेऊ. शिखर २१ च्या वर, डायोड वजा जाता १९, आणि साडेबाराच्या बॅटरीशी फरक साडेसहा व्होल्टहून जास्त. हा फरक मोठा आहे, म्हणून तो तसाच मोकळा सोडता येत नाही. चांगल्या ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीचा स्वतःचा रोध फार कमी असतो. चारशे व्हीएच्या (व्होल्ट गुणिले अँपिअर), पंधरा व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तो ओहमच्या तीन शतांशाच्या घरात येतो. तारा आणि बॅटरी मिळून आणखी थोडी भर. पंधरा अँपिअरवर थांबायचं तर एकूण रोध सुमारे ०.१४ ओहम हवा, म्हणजे जवळपास ०.१ ओहमचा दणकट रोध बाहेरून जोडावा लागतो. तो केला की लाइन २०७ वर असताना साडेनऊ-दहा अँपिअर मिळतात आणि २५३ वर सुमारे तेवीस. तीन ते तीसच्या हेलकाव्यासमोर हा दहा ते तेवीसचा. आदर्श नाही, पण रात्री झोपताना चालू ठेवून सकाळी भरलेली बॅटरी मिळण्याची शक्यता यात खरी आहे.

याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. तो बाहेरचा रोध पन्नासेक वॅट उष्णता फेकतो आणि हवेशीर जागी, लाकूड-प्लास्टिकपासून दूर बसवावा लागतो. तरीही घरगुती, कंट्रोल सर्किट नसलेल्या चार्जरसाठी हाच मार्ग योग्य आहे. चढा दाब आणि वाटेत ठरवून घातलेला अडसर यातून त्यामानाने स्थिर प्रवाह मिळतो, तर काठावरचा दाब आणि नशिबावर सोडलेला प्रवाह यातून बॅटरी मरते. बाजारातल्या स्वस्त चार्जरांमध्ये हा अडसर मुद्दाम पातळ गुंडाळीतून आणलेला असतो. रोध ट्रान्सफॉर्मरच्या पोटातच असतो, म्हणून ते चार्जर हात लावता येणार नाही इतके तापतात.

पंधरा व्होल्टची बाजू घेण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते पाटीवर कुठेच लिहिलेलं नसतं. बॅटरीत प्रवाह सतत जात नाही. लाटेचा जेवढा भाग बॅटरीच्या दाबापेक्षा वर डोकावतो, तेवढ्या वेळातच तो घुसतो. बारा व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरला, बॅटरी सव्वाचौदाच्या जवळ आली असता, प्रत्येक अर्ध्या लाटेचा जेमतेम पाचवा हिस्सा मिळतो. पंधराच्या ट्रान्सफॉर्मरला जवळजवळ निम्मा वेळ मिळतो. कमी वेळात तेवढीच वीज ढकलायची तर ठोके उंच मारावे लागतात, आणि तार तापते ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. डीसी मीटरवर पंधरा अँपिअर दिसत असताना निम्मा वेळ वाहणाऱ्या ठोक्यांनी गुंडाळीत सुमारे २३ अँपिअर आरएमएस भरतात. पाचव्या हिश्श्यात तेच पंधरा भरायचे झाले तर छत्तीस-सदतीस. दोन्हीत मीटर तेच दाखवतो, पण दुसऱ्या गुंडाळीतली उष्णता अडीच पट असते. ‘वीस अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर पंधरा अँपिअरवर का जळला?’ या प्रश्नाचं उत्तर या ठोक्यांत आहे.

म्हणून अँपिअरचा आकडा डीसीच्या दीडपट तरी धरावा. १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीला दहाव्या हिश्श्याचा, म्हणजे पंधरा अँपिअरचा प्रवाह हा जुना आणि सुरक्षित नियम. त्याला २३ अँपिअरची गुंडाळी, गुणिले पंधरा व्होल्ट, म्हणजे साडेतीनशे व्हीए. हातात थोडी मोकळीक ठेवून चारशे मागावा. हे काम दहा-बारा तास सलग चालतं. कोणतीही बॅटरी घातलेली सगळी वीज साठवत नाही, म्हणून हिशेबाच्या दहा तासांवर थोडा वेळ जास्तच लागतो. पाच मिनिटांत तापून बंद होणाऱ्या यंत्राचा ट्रान्सफॉर्मर इथे टिकत नाही.

लोखंडाचं माप काढण्यासाठी अवघड गणित लागत नाही. ट्रान्सफॉर्मरची मूळ रचना, बंद लोखंडी गाभा आणि त्याभोवती दोन गुंडाळ्या, १८८५ साली बुडापेस्टच्या गांझ कारखान्यात झिपरनोव्स्की, ब्लाथी आणि डेरी या तिघांनी पक्की केली, आणि तिचं सूत्र आजही तेच आहे. गाभ्याच्या मधल्या जिभेची रुंदी आणि स्टॅम्पिंगच्या थप्पीची जाडी सेंटिमीटरमध्ये मोजून गुणावी. व्हीएच्या वर्गमुळापेक्षा हा गुणाकार दहा-पंधरा टक्के जास्त असला की गाभा पुरेसा. चारशेचं वर्गमूळ वीस, तेव्हा तेवीस चौरस सेंटिमीटर. पाच सेंटिमीटरची जीभ आणि साडेचार सेंटिमीटरहून थोडी जास्त थप्पी. साध्या सिलिकॉन पोलादावर १.२ टेस्लाची मर्यादा आणि ५० हर्ट्‌झची वीज धरली, तर ३७.५ ला या क्षेत्रफळाने भागलं की दर व्होल्टला लागणारे वेढे मिळतात. इथे ते १.६ च्या थोडे वर येतात. म्हणजे लाइनकडच्या गुंडाळीला, प्रायमरीला, ३७५ वेढे आणि बॅटरीकडच्या सेकंडरीला, भाराखाली होणारी घट भरून काढण्यासाठी एखादा जास्त धरून, २५-२६.

सेकंडरीची तार हा खरा कस. तांब्याच्या दर चौरस मिलिमीटरला अडीच ते तीन अँपिअर हे सलग कामाचं प्रमाण. २३ अँपिअरला आठ चौरस मिलिमीटर तांबं लागतं, ते १० नंबर गेजच्या तारेत बसतं. पण सव्वातीन मिलिमीटर जाडीची तार बॉबिनच्या कोपऱ्यावर वळवताना फुगते, इनॅमलला तडा जातो. मुरलेले वाइंडर त्याऐवजी १३ गेजच्या दोन तारा जोडीने गुंडाळतात. क्षेत्रफळ तेवढंच, आणि कोपरा नीट बसतो. ॲल्युमिनियमची तार स्वस्त पडते; तिचा रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट असल्याने जाडीही त्या हिशेबाने वाढवावी लागते आणि मग ती गाभ्याच्या खिडकीत मावत नाही. मुंबईत लोहार चाळ आणि लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, आणि बहुतेक तालुक्यांच्या गावी मोटार वाइंडिंगची दुकानं, इतक्या ठिकाणी हे काम होतं. वाइंडरला ‘चार्जरचा ट्रान्सफॉर्मर’ एवढंच सांगितलं तर तो नेहमीचा बाराचा देईल. त्याला व्होल्ट, आरएमएस अँपिअर, तांब्याची तार आणि ‘दहा तास सलग’ हे चारही सांगावं.

त्याच वेळी प्रायमरीवर दोन टॅपिंग जास्त काढून घ्यावेत. ३७५ वेढ्यांनंतर ४०० आणि ४३० वर टोकं काढली, तर प्रत्येक टप्प्याला सेकंडरीचे व्होल्ट साधारण एकेकाने उतरतात. रात्री लाइन चढली की खालच्या टप्प्यावर यायचं. निवडीचा स्विच प्रायमरीवर ठेवण्यात मोठा फायदा आहे. तिथे दोन अँपिअरहूनही कमी प्रवाह असतो आणि साधा रोटरी स्विच वर्षानुवर्षं टिकतो. सेकंडरीवर तेच काम करायला गेलं की वीस-पंचवीस अँपिअरमध्ये स्विचचे संपर्क जळतात.

ब्रिजऐवजी मधलं टोक असलेली १५-०-१५ ची गुंडाळी घ्यावी का, हा प्रश्न नेहमी येतो. तिथे एका वेळी एकच डायोड वाहतो, म्हणून पंधरा अँपिअरला तीसऐवजी पंधरा वॅट उष्णता निघते. मात्र प्रत्येक अर्धी गुंडाळी निम्मा वेळ रिकामी बसते आणि तांबं सुमारे चाळीस टक्के जास्त लागतं. तांब्याच्या आजच्या भावात ब्रिजच परवडतो. मोठी ॲल्युमिनियमची हीट सिंक आणि ५० अँपिअरचा ब्रिज घेतला की झालं. फिल्टर कपॅसिटर मात्र लावू नये. बॅटरीला त्याची गरज नसते, आणि तो ठोके अधिकच टोकदार करतो.

भंगारातल्या ट्रान्सफॉर्मरचा मोह मोठा असतो. संगणकाच्या छोट्या यूपीएसमधला ट्रान्सफॉर्मर सहाशे व्हीएचा म्हणवतो, पण तो दहा-पंधरा मिनिटांच्या कामासाठी बनलेला असतो. त्यावर रात्रभर चार्जिंग लावलं की वार्निशचा वास येतो. साइन वेव्ह इन्व्हर्टरचा मोठा, जड ट्रान्सफॉर्मर पाहून तर जीव हरखतो, पण बारा व्होल्टच्या बॅटरीतून साइन लाट काढायची म्हणजे तिचं शिखर बारापलीकडे जाणार नाही. म्हणून त्याची खालची गुंडाळी आठ व्होल्टच्या आसपासची असते. मूळ यंत्रात हीच गुंडाळी बॅटरी भरतेही, कारण तिथले मॉस्फेट वेगाने उघडझाप करून दाब चढवतात. नुसता ब्रिज लावून तिच्यातून काहीही मिळत नाही. वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर विनाभार पन्नास-साठ व्होल्टच्या वर असतो, त्याला बारा व्होल्टच्या बॅटरीजवळ आणूच नये.

मायक्रोवेव्ह ओव्हनच्या ट्रान्सफॉर्मरबद्दल थांबून लिहायला हवं, कारण तो सगळ्यांत सहज मिळतो आणि सगळ्यांत धोकादायक आहे. त्याची सेकंडरी सुमारे दोन हजार व्होल्टची असते, आणि तो प्रवाह माणसाला सुटकेची संधी देत नाही. अमेरिकेत लाकडावर विजेची नक्षी काढण्याच्या छंदात याच ट्रान्सफॉर्मरने अनेकांचे जीव घेतले आहेत. ओव्हन प्लगमधून काढल्यावरही त्यातला कपॅसिटर भारित राहू शकतो. ती सेकंडरी पूर्ण कापून काढली, जाड तारेचे पंधरा-वीस वेढे घातले, तर चार्जर बनतो. इथे वेढ्यामागे एक व्होल्टच्या आसपास मिळतो. पण निर्मात्याने लोखंड आणि तांबं वाचवण्यासाठी गाभा जवळपास संपृक्ततेपर्यंत ताणलेला असतो. ओव्हनमध्ये पंख्याखाली काही मिनिटं चालणारा हा ट्रान्सफॉर्मर सेकंडरीला काहीही न जोडता नुसता लाइनवर ठेवला तरी तापत राहतो. यावर एक चांगला उपाय आहे. अगदी सारखे दोन ट्रान्सफॉर्मर घेऊन त्यांच्या प्रायमरी एकामागे एक जोडायच्या. प्रत्येकाला ११५ व्होल्ट मिळतात, गाभा संपृक्ततेतून सुटतो आणि विनाभार उष्णता जवळजवळ नाहीशी होते. सेकंडरीला वेढे दुपटीने घालावे लागतात, ती मेहनत या उपायात धरावी.

कुठलाही जुना ट्रान्सफॉर्मर आधी सिरीज बोर्डवर, शंभर वॅटच्या बल्बमधून लावून पाहावा. बल्ब पूर्ण उजळला तर आत शॉर्ट आहे. मंद राहिला तर थेट लाइनवर तासभर विनाभार चालवून हाताने ऊब पाहावी. गाभा आणि पेटी अर्थिंगला जोडलेली हवी.

दोन गोष्टींवर मात्र तडजोड नको. काही ठिकाणी ट्रान्सफॉर्मर टाळून घरच्या लाइनमध्ये एक बल्ब आणि एक डायोड घालून बॅटरी थेट चार्ज केली जाते. प्रवाह अर्ध्या अँपिअरच्या आसपासच, पण बॅटरीचं प्रत्येक टोक जिवंत लाइन असतं, आणि ओल्या जमिनीवर उभं राहून त्याला हात लागला तर परिणाम ठरलेला आहे. दाब हवा तसा कमी-जास्त करणारा डिमरस्टॅट एकट्याने वापरणंही त्याच जातीचं. त्याची एकच गुंडाळी घरच्या लाइनशी सरळ जोडलेली असते. तो ट्रान्सफॉर्मरच्या आधी, प्रवाह बारकाईने जुळवण्यासाठी वापरावा; तिथे तो उत्तम काम देतो. दुसरी गोष्ट फ्यूजची. बॅटरीच्या धन टोकाजवळ तीस अँपिअरचा फ्यूज असावा, कारण डायोड शॉर्ट झाला तर बॅटरी उलट्या दिशेने शेकडो अँपिअर सोडू शकते.

एवढं करूनही या ट्रान्सफॉर्मरला बॅटरी कधी भरली हे कळत नाही. १९३८ साली जोसेफ सोला यांनी काढलेला कॉन्स्टंट व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर यातला काही भाग लोखंडातच सोडवतो, आणि म्हणून त्या जातीचे चार्जर गोल्फच्या गाड्यांसाठी पुष्कळ वापरले गेले. घरी तो जुळवणं अवघड, कारण त्याचा कपॅसिटर आणि गाभा एकमेकांशी नेमके बसावे लागतात. घरगुती चार्जरला त्यापेक्षा १४.४ व्होल्टवर प्रायमरीचा रिले सोडणारं छोटं कट-ऑफ सर्किट जोडणं सोपं आणि स्वस्त. ते नसेल तर मीटर आणि घड्याळ पाहत माणसाने हजर राहावं, खोलीची खिडकी उघडी ठेवावी, कारण हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की चिमट्याच्या एका ठिणगीने स्फोट होतो. चिमटे आधी लावून मग स्विच चालू करायचा, आणि काढताना स्विच आधी बंद करायचा, तो याचसाठी.

लिथियम आयर्न फॉस्फेटच्या नव्या बॅटरीवर हा चार्जर कधीही लावू नये. तिची मर्यादा १४.६ व्होल्टवर काटेकोर असते, बुडबुडे सोडून जास्तीची वीज उडवायची सोय तिच्यात नाही, आणि लाइन चढलेल्या रात्री लोखंडाचा हा साधा ट्रान्सफॉर्मर ती मर्यादा सहज ओलांडतो.